मटेरियल शॉर्ट

लोहगावच्या धावपट्टीपासून तीनशे फुटांवर माझं विमान हवेत थांबलं. थांबलं म्हणजे थांबलंच. खाली येईना, वर जाईना, पडेना. इंजिनाची घरघर एकाच सुरात अडकलेली. खाली विश्रांतवाडी अर्धीच रंगवून ठेवल्यासारखी दिसत होती. इमारती उभ्या होत्या, पण त्यांना खिडक्या बसायच्या होत्या. बारा वर्षं चाकणच्या तळेगाव चौकातून ये-जा केलेली असल्यामुळे मला यात वावगं काही वाटलं नाही. पुढे कंटेनर आडवा झाला असेल, सुटेल पाच मिनिटांत, म्हणून मी उठून चहा टाकून आलो. परत येऊन बघतो तर विमान तिथंच. मग भाच्याला फोन लावला.

"मामा, रॅम किती आहे?"

"आठ जीबी."

फोनवर शांतता पसरली. असली शांतता मी यापूर्वी एकदाच ऐकली होती, डॉक्टरांनी माझा शुगरचा रिपोर्ट हातात घेतला तेव्हा.

"आणि डिस्क?"

"एक टीबी. चांगली जड आहे."

"मामा, जड आहे म्हणजेच जुनी आहे."

मी चाकण एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतो. आमच्या धंद्याचं सगळं शास्त्र एवढंच, की माल कमी पडता कामा नये आणि जास्तही पडता कामा नये. कमी पडला तर लाइन थांबते आणि प्रॉडक्शनवाला ओरडतो. जास्त पडला तर फायनान्सवाला ओरडतो. या दोन ओरडण्यांच्या मधे म्हणे एक शांत जागा असते, तिला जपानी लोक जस्ट इन टाइम म्हणतात. मला ती नोकरीत कधी सापडली नाही. मुलगा बंगळुरूला जाताना मागे टाकून गेलेल्या कॉम्प्युटरमध्ये मात्र मी ती शोधायला निघालो.

विमानाचं हे खूळ मला चाकणनंच लावलं. पुण्याचा नवा आंतरराष्ट्रीय विमानतळ चाकणला होणार, असं ऐकत आमच्या कंपनीतली निम्मी मंडळी म्हातारी झाली. त्या भरवशावर कुणी गुंठे घेतले, कुणी गुंठे विकले. मी काहीच घेतलं नाही, पण कॅन्टीनच्या गच्चीवर डबा खाताना डोक्यावरून विमानं जाणार एवढं मनाशी धरून होतो. पुढे जागा राजगुरुनगरकडे सरकली, शेतकऱ्यांनी जमिनी द्यायला नकार दिला आणि २०१६ मध्ये विमानतळ पुरंदरला गेला. तिथंही अजून एकही विमान उतरलेलं नाही. म्हटलं, यांच्या नादी लागण्यात अर्थ नाही, आपलं आपण उडावं. कांदिवलीच्या कॅप्टन अमोल यादवांनी तर राहत्या इमारतीच्या गच्चीवर खरंखुरं सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते मांडलं. आमच्या प्राधिकरणातल्या सोसायटीत गच्चीवर पापड वाळत घालायलासुद्धा सेक्रेटरीची लेखी परवानगी लागते. त्यामुळे मी बेडरूममध्ये उडायचं ठरवलं.

भाचा हिंजवडीत आयटीत आहे. शनिवारी आला, आधी जेवला, मग कॉम्प्युटर उघडून आत बघत बसला.

"मामा, सोप्या भाषेत सांगतो. रॅम म्हणजे..."

"थांब, मीच सांगतो. प्रोसेसर म्हणजे लाइन. रॅम म्हणजे लाइनीशेजारचा रॅक. हात लांबवला की नट मिळाला पाहिजे. डिस्क म्हणजे स्टोअर. बरोबर?"

"बरोब्बर! फक्त तुमचं हे स्टोअर आहे तळवड्यात आणि लाइन चाकणला."

माझ्या पोटात गोळा आला. तळवडे ते चाकण हा रस्ता ज्यानं सकाळी नऊला पार केला आहे, त्याला कॉम्प्युटर का अडकतो हे वेगळं शिकवावं लागत नाही. चाकणला माणूस अडकून पडतो ही परंपरा शाहिस्तेखानापासूनची. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी संग्रामदुर्गापुढे त्याची अवाढव्य फौज जवळजवळ दोन महिने अडवून धरली. हल्ली तेच काम एक आडवा कंटेनर एकटा करतो.

भाच्यानं पुढचा हिशेबही मांडला. गरगर फिरणारी जुनी डिस्क सेकंदाला दीडएकशे एमबी माल आणते. केबलवाली साधी एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. बोर्डावर आडवी बसणारी, च्युइंगगमच्या पट्टीएवढी एनव्हीएमई साडेतीन हजार, आणि नव्या पिढीची असली तर सात हजार.

"मग सात हजारवालीच घेऊ. विमान दुप्पट पळेल."

"पळणार नाही. गेम उघडताना चार-पाच सेकंद वाचतील, बस. खरी मेख रॅमची आहे. रॅक भरला की विंडोज उरलेला माल परत स्टोअरला पाठवतं आणि लागला की पुन्हा मागवतं. तेवढा वेळ तुमचं विमान हवेत उभं."

किती रॅम लागते, हे सिम्युलेटर बनवणाऱ्यांनीच लिहून ठेवलं आहे. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्या २०२० च्या आवृत्तीला किमान ८, शिफारस १६ आणि आदर्श ३२ जीबी. २०२४ च्या आवृत्तीला किमान १६, शिफारस ३२, आदर्श ६४. चार वर्षांत सगळं दुप्पट. आमचा पगार या वेगानं वाढला असता तर मी खरं विमान घेतलं असतं. हाच सिम्युलेटर १९८२ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा ६४ केबीत चालत होता. म्हणजे आकडा तोच आहे, फक्त 'के'चा 'जी' झाला. या तीन शब्दांचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावला: किमान म्हणजे विमान दिसेल, शिफारस म्हणजे उडेल, आणि आदर्शाबद्दल आपण ऐकून असतो, प्रत्यक्षात कुणी पाहिलेला नसतो. मी शिफारशीवर थांबलो. बत्तीस.

विषय कंपनीच्या बसमध्ये काढला ही माझी चूक. निगडी ते चाकण बसला किती वेळ लागेल हे मोशी, चिंबळी फाटा आणि कुरुळी मिळून ठरवतात, त्यामुळे सल्ला द्यायला लोकांकडे वेळ भरपूर असतो. पर्चेसवाला म्हणाला, "तीन कोटेशन घ्या. एका कोटेशनवर घेतलेली वस्तू घरात टिकत नाही." क्वालिटीवाल्यानं विचारलं, "पाकिटावर सीएल ३० लिहिलंय आणि दुसऱ्यावर ३६. टॉलरन्स काय?" हा सीएल म्हणजे माल मागितल्यापासून हातात पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके जातात त्याचा आकडा. जितका कमी तितका बरा. हे मी त्याला समजावून सांगितलं, तरी त्यानं "ड्रॉइंग मागवा" हे टुमणं सोडलं नाही. मेन्टेनन्सवाला शेवटपर्यंत गप्प होता. आळंदी फाट्याला त्यानं डोळे उघडले आणि म्हणाला, "काही घेऊ नका. आहे ती रॅम काढा, खोडरबरनं घासा आणि परत लावा. नव्वद टक्के कॉम्प्युटर त्यानंच सुरू होतात."

त्या रात्री मी नातीच्या कंपासातल्या वासाच्या गुलाबी खोडरबरनं रॅम घासली. विमान त्याच जागी थांबलं. खोलीला मात्र स्ट्रॉबेरीचा वास येत होता.

मग तीन कोटेशनं, त्यांचं कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट आणि शेवटच्या रकान्यात माझेच माझ्यासाठी शेरे. ही फाइल माझ्याच टेबलावरून माझ्याच टेबलावर जाईपर्यंत २०२५ ची दिवाळी होऊन संक्रांत आली. तेवढ्यात रॅमच्या भावानं उसळी घेतली होती. पहिल्या कोटेशनमधल्या पैशांत आता दोन पट्ट्यांऐवजी एकच येत होती.

"मामा, एआयनं खाल्ली सगळी रॅम," भाचा म्हणाला.

"एआय विमान उडवतं का?"

"नाही. मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी लागते. चिप बनवणारे आधी त्यांना माल देतात. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीर केलं, की तुमच्या-आमच्यासाठीचा क्रुशल ब्रँडच बंद."

मोठ्या गिऱ्हाइकाचा ट्रक आधी भरायचा आणि लहान गिऱ्हाइकाला "मटेरियल शॉर्ट आहे" म्हणून सांगायचं, हे मी स्वतः किती वर्षं करत आलो आहे. ते गिऱ्हाइकाच्या बाजूनं पहिल्यांदाच ऐकलं. चाकणच्या महात्मा फुले बाजारातला कांद्याचा भावही मी येता-जाता ऐकतो. कांदा चढला की दिल्लीपर्यंत हलतं. पडला की शेतकरी तो रस्त्यावर ओततो. रॅम चढली तर कुणाच्या डोळ्यांत पाणी येत नाही. शिवाय कांद्याला कोंब फुटतो, त्या भीतीनं साठेवाला कधीतरी विकतो तरी. रॅमला कोंबही फुटत नाहीत.

पिंपरी कॅम्पातला दुकानदार म्हणाला, "साहेब, सकाळचा भाव वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आत्ता घ्यायची तर बोला." एवढ्या घाईत मी आयुष्यात फक्त लग्नाला होकार दिला होता. डीडीआर फाइव्हच्या सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या आणि एक टीबीची एनव्हीएमई घेऊन घरी आलो.

पट्टी बसेना. अंगठ्यानं दाबली. दोन्ही अंगठ्यांनी दाबली. 'कट' असा आवाज आला तेव्हा हायसं वाटलं, पण तो अंगठ्याचा होता. भाच्याला व्हिडिओ कॉल लावला.

"मामा, थांबा! बोर्ड जुना आहे, त्यात डीडीआर फोर लागते. फाइव्हची खाच वेगळ्या जागी असते. चुकीची पट्टी चुकून बसू नये म्हणूनच ती तशी केलेली असते."

याला आमच्याकडे पोका-योके म्हणतात. चुकीचा भाग चुकीच्या जागी बसूच शकणार नाही अशी रचना. या विषयावर मी दर वर्षी नव्या ट्रेनी मुलांपुढे दोन तास बोलतो. शेवटची स्लाइड असते: 'बसत नसेल तर जोर लावू नका, विचार करा.'

दुकानदाराकडे गेलो. "साहेब, सील तुटलंय. पट्टी परत नाही घेता येणार. पण तिला चालणारा बोर्ड देतो ना." बोर्ड आला म्हणून त्यावर बसणारा प्रोसेसर आला. प्रोसेसर आला म्हणून त्याला थंड ठेवणारा पंखा आला. दोन बटणं आवडली म्हणून त्यांना शोभेलसा अख्खा सफारी शिवल्यासारखं झालं. घरी पोचलो तर ही दारातच उभी होती.

"अहो, लॉकडाउनमध्ये फाइव्ह-एस म्हणत माझ्या स्वयंपाकघराची आवराआवर कुणी केली होती?"

"मी."

"श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांना नॉन-मूव्हिंग स्टॉक कोण म्हणालं होतं?"

मी खोके घेऊन तिच्या बाजूनं आत सरकलो.

आता एनव्हीएमई. ही एका बाजूनं खोबणीत सरकवायची आणि दुसरी बाजू एका स्क्रूनं दाबून धरायची. तो स्क्रू एम-टू मापाचा असतो. म्हणजे जाडी दोन मिलिमीटर, आणि लांबी इतकी की तो हातात आहे की नाही हे बघण्यासाठी चष्मा शोधावा लागतो आणि चष्मा शोधताना तो हातातून पडतो. तो पडला. आमच्या स्टोअरला एम-सिक्सपासून पुढे सगळी मापं आहेत, पेट्यांवर पेट्या, वर्षानुवर्षं न हललेल्या. एम-टू एकही नाही. मी टॉर्च घेऊन पलंगाखाली आडवा झालो. नात म्हणाली, "आबा, विमान इथं पण येतं का?" शेवटी चिंचवडगावातल्या एका चष्मेवाल्यानं डबीतून चिमट्यानं एक स्क्रू काढून दिला. पैसे घेतले नाहीत. या अख्ख्या प्रकल्पातली ही एकमेव वस्तू मला वाजवी भावात मिळाली.

कॉम्प्युटर सुरू केला. पडदा काळा. बंद केला, पुन्हा सुरू केला, पुन्हा काळा. असं सहा वेळा झाल्यावर भाचा फोनवर किंचाळला. नवी डीडीआर फाइव्ह पहिल्यांदा सुरू होते तेव्हा काही मिनिटं पडदा काळा ठेवून स्वतःचीच जुळवाजुळव करत बसते, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. आणि मी दर मिनिटाला तिला शाळेतून काढून पुन्हा पहिलीत बसवत होतो. पुढे लक्षात आलं की दोन्ही पट्ट्या मी शेजारी शेजारी लावल्या होत्या. एक सोडून एक, म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या खोबणीत लावल्या तरच दोन्ही मार्ग चालू होतात. मी एका लेनमध्ये सगळी गर्दी कोंबून दुसरी बीआरटीसारखी मोकळी ठेवली होती. तेही सुधारलं. तरी सहा हजारांच्या वेगाची म्हणून घेतलेली रॅम ४८०० नंच चाललेली. बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू केल्याशिवाय ती पुढचा गिअर टाकत नाही. हे पाकिटावर लिहायला हरकत नव्हती, पण पाकिटावर ड्रॅगनचं चित्र होतं आणि जागा उरली नव्हती.

विंडोज उघडलं आणि माझ्यातला स्टोअरकीपर जागा झाला. खोक्यावर १ टीबी, पडद्यावर ९३१ जीबी. सरळ सरळ ६९ कमी. मी त्याच रात्री दुकानदाराच्या नावे डेबिट नोट तयार केली, 'इनवर्डला माल कमी आढळला' असा शेरा मारला आणि सकाळी पाठवली. त्याचा फोन आला. "साहेब, डिस्क बनवणारा हजाराचा हिशेब धरतो, विंडोज १०२४ चा. माल पूर्ण आहे, मोजायची टोपली मोठी आहे." मग माझ्या ध्यानात आलं. हे तर आमच्या रावेत-वाकडच्या फ्लॅटसारखंच झालं. सुपर बिल्ट-अप एक टीबी, कार्पेट ९३१.

एवढं करून सिम्युलेटर उतरवायला बसलो, तर कळलं की २०२४ च्या आवृत्तीला डिस्कवर जागा फक्त ५० जीबी लागते. २०२० च्या आवृत्तीला दीडशे लागायची, आणि युरोपात तर ती दहा डीव्हीडींच्या खोक्यात विकली गेली होती. आता डोंगर, नद्या, इमारती, सगळा माल त्यांच्या गोदामात असतो आणि विमान जिथं जाईल तिथला तेवढाच इंटरनेटवरून येतो. जस्ट इन टाइम! ज्याला आयुष्यभर शोधलं तो इथं भेटला, तोही मी आठशे जीबी रिकामी जागा विकत घेतल्यावर. फायनान्सवाल्याच्या कानावर हे अजून गेलेलं नाही.

परवा रविवारी पहिलं व्यवस्थित उड्डाण केलं. सेसना १७२, लोहगाव ते चाकण. सरळ रेषेत जेमतेम वीस किलोमीटर, सहा-सात मिनिटांत चाकण. नात आणि ही, दोघी मागे खुर्च्या टाकून बसल्या. विमान कुठं अडलं नाही. ३२ पैकी २२ जीबी वापरात होती, दहा नुसती उभी होती, ते दुःख मी गिळलं. खाली इंद्रायणी दिसली, मोशी दिसली. २०२० मध्ये या सिम्युलेटरनं मेलबर्नमध्ये एका साध्या इमारतीच्या जागी आभाळाला भिडणारा सुळका उभा केला होता, कारण नकाशात कुणीतरी २ मजल्यांच्या जागी चुकून २१२ टाइप केले होते. आमच्या भागाला तो धोका नाही. इथं नकाशात दोन मजले असतात आणि चढलेले असतात पाच, त्यामुळे वरून बघताना गाव उलट थोडं बसकं आणि कायदेशीर दिसत होतं.

तळेगाव चौकावर आलो आणि मी घिरटी घातली. पुन्हा एक घातली. खात्री करून घेतली.

"काय झालं हो?" हिनं विचारलं.

"चित्र छान आहे, पण खरं नाही वाटत. चौकात गाड्या चालल्या आहेत."

तेवढ्यात आमच्या गल्लीत रस्ता खणणाऱ्यांच्या जेसीबीला इंटरनेटची केबल लागली. विमान उडत राहिलं, पण खालचा माल यायचा थांबला. आधी कंपन्यांची पत्र्याची छपरं विरघळली, मग रस्ते पुसट झाले, मग चौकही गेला. पंखाखाली नुसती हिरवट-तपकिरी जमीन राहिली, क्षितिजापर्यंत. एमआयडीसी यायच्या आधीचं, कांद्याचं चाकण असावं तशी.

"अहो, चाकण कुठं गेलं?"

"मटेरियल शॉर्ट," मी म्हणालो.

भाच्याचं म्हणणं, आता ६४ करून टाका, आदर्श होईल. मी तीन कोटेशनं मागवली आहेत. दरम्यान, आठ जीबीची डीडीआर फोर पट्टी, चालू स्थितीत, स्वच्छ घासलेली, किंचित स्ट्रॉबेरीचा वास, विकणे आहे. भाव चाकणच्या कांद्याप्रमाणे, म्हणजे त्या दिवशी सकाळी विचारावा. घ्यायला येणाऱ्यानं कृपा करून एक एम-टूचा स्क्रू बरोबर आणावा. पहिला अजून पलंगाखाली आहे.